दोनदा घातलेली नीळ

नीळ तिनं घातली, आणि तिच्या मागोमाग मीही घातली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या घरातले पांढरे कपडे ट्रंकेतून बाहेर निघतात. तिची सुती साडी, माझा सदरा, माझा लेंगा. पौर्णिमेला विहारात सगळीच पांढरं घालून येतात, पण हिचं पांढरं वेगळं. बायका हिचा पदर हातात घेऊन बघायच्या आणि विचारायच्या, "मावशी, काय घालतीस गं यात?" ही म्हणायची, "हात घालते." एवढंच. पहिल्या रांगेत बसायची आणि मान वळवून मागं कोण कसं नेसून आलंय ते बघायची. गर्व होता तिला त्याचा. असू दे की. दुसऱ्या कशाचा गर्व करावा असं आमच्याकडं काही नव्हतंच.

तर त्या दिवशी न्हाणीपुढच्या दगडावर कपडे धुऊन झाले. नीळ आमच्याकडं अजून पुरचुंडीतली. निळीची पूड जुन्या धोतराच्या चिंधीत बांधायची आणि बादलीत फिरवायची. लेकीनं मध्ये पातळ निळीची बाटली आणून दिली होती. "आई, चार थेंब टाकायचे, झालं काम." हिनं ती बाटली न्हाणीच्या खिडकीत ठेवली. भरवसा नसलेल्या डॉक्टराचं औषध जसं ठेवतो तशी, घेतलंही नाही आणि टाकलंही नाही.

तिनं पुरचुंडी फिरवली आणि आत गॅसवर दूध चढलं म्हणून धावली. मी बाहेर आलो. बादली निळ्या प्लास्टिकची. बादली निळी की पाणी निळं, हे मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला काय कळणार? मला वाटलं, म्हातारी नीळ विसरली. मी खिडकीतली बाटली घेतली आणि ओतली. थेंब मोजायचा माझा स्वभाव नाही. जन्मभर पोती उचलली, थेंब कधी उचलला नाही. ती आतून आली, बाटली मी जागेवर ठेवलेली, तिनं कपडे बुडवले, वरखाली केले.

मग पिळायचं. साडीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर उभं राहायचं, मी माझ्या उजवीकडं पिळायचो, ती तिच्या उजवीकडं. साडी मध्ये दोरखंडासारखी घट्ट व्हायची आणि पाणी टपटपायचं. या कामात आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही. बोलायची गरजच पडायची नाही. तिनं हिसका दिला की माझा हात आपोआप सैल व्हायचा.

दोरीवर कपडे पडले आणि उन्हात आले तेव्हा कळलं. पांढरं कुठलं! साडी आभाळासारखी निळी. सदरा निळा, त्यावर बाह्यांना जास्त गडद डाग. लेंगा तर बघवत नव्हता.

"आवो," ती म्हणाली, "नीळ तुमी घातली?"

"तू विसरली हुतीस."

"मी? मी नीळ विसरीन? मग पुरचुंडी कुणी फिरवली, तुमच्या सासूनं?"

"मला दिसलं न्हाय."

"दिसलं न्हाय म्हून वतली! मीठ बी दिसत न्हाय कालवणात, म्हून दोनदा घालता व्हय?"

"घातलंय की तूच, परवाच्या आमटीत."

मग ती हसायला लागली. दगडावरच बसली. पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना. "ब्लू," म्हणाली, "ब्लू, ब्लू, समदं ब्लू करून टाकलंत! आता लेकीला इचारा, तुज्या इंग्लिशमधी ह्याला काय म्हंत्यात म्हून."

मी म्हटलं, "आता काय करायचं? उद्या पौर्णिमा."

"करायचं काय? नीळ म्हंजे काय पक्का रंग न्हवं. साध्या पाण्यात दोन-चारदा खळबळली की उतरती. पर आज पाणी कुठाय? पिंपात तांब्याभर उरलंय. उद्या सकाळी नळ आला तर काढू. ऊन हाय, विहारात जायच्या आत वाळतंय बगा."

एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली.

हे ब्लूचं काय ते सांगायला पाहिजे. मी चौथी पास. ती शाळेत गेलीच नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ती चाळणीवर आणि मी हमालीला, असं आमचं आयुष्य गेलं. पण लेक शिकली. बेळगावात हायस्कुलात इंग्लिश शिकवते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. सुरुवातीला बोलणं ठरलेलं. जेवलीस का, गोळी घेतली का, आप्पा काय करतात. रोज तेच विचारून लेक कंटाळली आणि तेच सांगून आई. मग एकदा हिनंच विचारलं, "तू आज पोरास्नी काय शिकीवलंस?"

लेक म्हणाली, "आज रंगांचे शब्द होते, आई. म्हणजे बोलताना रंगाची नावं घालून इंग्लिशमध्ये काय काय म्हणतात ते."

"सांग की मग एक."

लेकीनं सांगितलं, 'वन्स इन अ ब्लू मून'. निळा चंद्र कधी दिसत नाही, म्हणून एखादी गोष्ट फार क्वचित घडली की असं म्हणायचं.

ही लगेच म्हणाली, "आमच्या नळासारखं."

आमची गल्ली चढावर आहे. पाणी वर चढतच नाही. खालच्या गल्लीतल्यांच्या बादल्या भरून झाल्या की मग आमच्या तोटीतून आधी हवा येते, मग खोकल्यासारखा आवाज, मग पाणी. कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. शेजारची कानडी बाई आधी जागी व्हायची आणि "नीर बंतु!", पाणी आलं, म्हणून ओरडायची. दुसऱ्या सकाळी तोटी खोकली आणि ही अंगणातून ओरडली, "ब्लू मून आला गं! कळश्या आना!"

गल्लीला आधी काही कळलं नाही. मग कळलं. महिन्याभरात सगळ्या बायका ओरडायला लागल्या. "मावशी, ब्लू मून आला!" त्या कानडी शेजारणीनंही "नीर बंतु" सोडलं आणि "ब्लू मून बंतु" धरलं. नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेला कितीतरी दिवस वाटत होतं की पाणी सोडणाऱ्या माणसाचंच नाव ते आहे.

त्या दिवसापासून फोनवर रोज एक. ही आधीच विचारायची, "आज कुठलं?" लेकीनं इतर रंगही सांगून बघितले. हिरवा सांगितला, लाल सांगितला. हिनं ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. निळं संपलं का समदं?"

निळ्यावरच तिचा जीव का, हे लेकीला वेगळं सांगायला नको होतं. आमच्या गल्लीत निळं कशाचं असतं ते आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण हिचं त्याच्याही आधीचं होतं. वखारीत दिवसभर चाळणी हलवायची म्हणजे तंबाखूचा धुरळा अंगभर. केसांत, नखांत, पापण्यांवर. घरी आली की मातीची बाई आल्यासारखी. लुगडं कितीही धुतलं तरी पिवळट ते पिवळटच. रस्त्यानं चालली की लोक वासानं ओळखायचे, वखारीची आली म्हणून. लग्नानंतर पहिल्या पौर्णिमेला तिनं एक पांढरी साडी नीळ घालून नेसली आणि आरशात बघून मला म्हणाली, "आता सांगा, मी कुठं कामाला जाते ते?" ते मी विसरलो नाही. तिच्या दृष्टीनं पांढरं हे नुसतं साबणानं होत नसतं, त्यात थोडं निळं लागतंच. नाहीतर ते पिवळं पडतं. कपडा वाळायच्या आधी ती आभाळाकडं धरून बघायची. आभाळापुढं कपडा पिवळा दिसला तर नीळ कमी, आभाळात मिसळून गेला तर नीळ जास्त.

'ब्लॅक अँड ब्लू' आलं तेव्हा तर ती उड्या मारायच्या बेतात होती. मार खाऊन काळानिळा! "ह्ये आपलंच हाय," म्हणाली, "आपल्यातनंच उचललंय त्यांनी." 'ब्लू आइड बॉय' म्हणजे लाडका. ते मी उचललं. जावई आले की त्यांच्या भातावर तुपाची धार माझ्यापेक्षा मोठी पडते, हे मी लेकीच्या लग्नापासून बघत आलोय. मग मी म्हणायचो, "आला बग तुजा ब्लू आइड बॉय, तुपाचं भांडं लपीव." जावई बँकेत आहेत, इंग्लिश येतं, ते लाजायचे.

'ब्लू कॉलर' लेकीनं जरा अडखळत सांगितलं. म्हणजे अंगमेहनत करणारे, कामगार लोक. ती म्हणाली, "तुम्हा दोघांसारखे."

मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "कॉलर? मला कॉलर कवा हुती? बंडी घालून पोती उचलली मी. इंग्रजांचा हमाल लई थाटाचा दिसतोय."

'ब्लू ब्लड' मात्र तिला आवडलं नाही. मोठ्या घराण्याच्या लोकांचं रक्त निळं, असं म्हणतात म्हणे. ही म्हणाली, "वखारीत पत्रा लागून कापलेली बोटं बगितल्याती मी. मालकाच्या पोराचं बी एकदा कापलं हुतं. लालच हुतं. पोरास्नी सांग तसं." लेक म्हणाली, सांगते. सांगितलं का ते मला ठाऊक नाही.

आणि मग ते 'फीलिंग ब्लू' आलं. त्यावरून मायलेकींचं जे जुंपलं ते आठवलं की अजून हसू येतं.

"म्हंजे काय?" हिनं विचारलं.

"म्हणजे उदास वाटणं. मन खिन्न असणं."

"निळं म्हंजे उदास?"

"हो, आई."

"कुणाला?"

"इंग्रजांना."

"का? निळ्यानं काय केलं त्यांचं?"

"ते मलाही नाही माहीत. तसं म्हणतात, बस्स."

"म्हंत्यात म्हून तू शिकीवतीस? जयंतीला गल्ली बगितलीस न्हवं? पताका निळ्या, फेटे निळे, पोरींच्या रिबिनी निळ्या. त्या दिवशी रडत बसलेलं एक माणूस दाखीव मला."

"अगं आई, पण परीक्षेत पोरांनी असं लिहिलं तर त्यांचे मार्क जातील."

"जाऊ देत. खोटं लिवून मार्क काय करायचेत?"

दोन दिवस त्यावर धुसफूस चालली. मग हिनं स्वतःच निकाल लावला. पुढच्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. पुरणपोळ्या चांगल्या जमल्या होत्या. ही हात पुसत बाहेर आली आणि जावयाला म्हणाली, "आज मी लई फीलिंग ब्लू!"

जावयाच्या हातातला घास तसाच राहिला. "मामी, काय झालं? बरं नाही का?"

"बरं नसायला काय झालं? पोळ्या एक बी फुटली न्हाय!"

तेव्हापासून आमच्या घरात फीलिंग ब्लू म्हणजे आनंद. लेकीनं समजवायचं सोडून दिलं. शाळेतून फोन करताना तीही म्हणायला लागली, "आई, पोरं सगळी पास झाली, फीलिंग ब्लू!" शिक्षकांच्या खोलीत ऐकणाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण पुढं तीच कामाला आली. गेल्या थंडीत गल्लीतली एक म्हातारी गेली. हिच्याबरोबर वखारीत होती. तिला घाईघाईनं दुकानातून नवी पांढरी साडी आणून नेसवली होती. परत येताना ही वाटेत म्हणाली, "बगितलं का? नव्या साडीची खळ बी उतरली नव्हती. पुठ्ठ्यावानी उभी ऱ्हात हुती अंगावर. आन् रंग? त्यो काय पांढरा हुता व्हय? दुकानातलं पांढरं त्ये पांढरं न्हवं."

मी म्हटलं, "गेलेल्या माणसाला काय त्याचं."

ती थांबली. रस्त्यातच. "मला हाय त्याचं," म्हणाली. "माझ्या अंगावर माझ्या हातचं पांढरं घाला. दुकानातलं आनलं तर उठून बसीन."

मी म्हटलं, "बस. बरं हुईल. चहा तरी ठेवशील."

तर त्या संध्याकाळी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, लेकीचा फोन आला. ही म्हणाली, "आज तू नगं सांगू. आज मी सांगते. पर आता न्हाय, उद्या ये, डोळ्यानं बग तुज्या बापानं काय केलंय ते." आणि परत हसत सुटली. फोन ठेवला. दाराच्या पायरीवर कोथिंबीर निवडायला बसली. मी दोरीवरचे कपडे वाळलेत का ते हात लावून बघत होतो. वाळले होते. मी म्हटलं, काढून ठेवू का. ती बोलली नाही. मला वाटलं, मुद्दाम बोलत नाही. परत विचारलं. मग वळून बघितलं तर ती चौकटीला टेकली होती आणि हातातली काडी तशीच हातात होती.

गल्लीतल्या पोरांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, काका, गेल्या त्या. हृदय थांबलं. दवाखान्यातून बाहेर आलो तर आभाळ इतकं स्वच्छ की एक ढग नाही.

'आउट ऑफ द ब्लू' हे तिनं मध्येच कधीतरी शिकून घेतलं होतं. स्वच्छ निळ्या आभाळातून अचानक काहीतरी यावं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तसं. तेव्हा ती म्हणाली होती, "निळ्या आभाळातनं काय पडतंय? पडलं तर चिमणीचं हगणं." मी हसलो होतो. आता रिक्षात तिला मांडीवर घेऊन येताना मला तेच आठवत होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

रात्रीचं काही लिहीत नाही. लेक आणि जावई बेळगावहून आले. माझी थोरली बहीण, आक्का, कंग्राळीहून आली. विहारातले लोक आले, मेणबत्त्या लागल्या. सकाळी दहाला न्यायचं ठरलं.

उजाडलं. मी अंगणात बसलो होतो. आत बायका होत्या. दोरीवर ते कपडे तसेच होते, काढायचे राहिलेच होते. आक्का बाहेर आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली नवी साडी. जावयांनी ओळखीच्या दुकानदाराला उठवून आणली होती.

"आंघोळ घालायची हाय रं. ही नेसवतो. बग, चांगली हाय का?"

मी कागद उघडून हात लावला. खळीची. उभी राहात होती.

"ही न्हाय," मी म्हटलं.

"मग कुठली?"

"ती." मी दोरीकडं बोट केलं.

आक्कानं बघितलं. "ती? ती तर निळी झालीया की रं! डाग पडल्याती. समदं गाव येणार. तिला असली नेसवून नेऊ? जिच्या पांढऱ्याला बायका हात लावून बगायच्या, तिला?"

"म्हूनच म्हंतोय. उतरवतो मी रंग."

"कवा?"

"आता."

"आरं, बायकू आत हाय आन् तू धुणं धुतोस? येडा झालास व्हय?"

लेकही दारात आली होती. मी उठलो आणि साडी दोरीवरून काढली. बादलीकडं गेलो आणि मग लक्षात आलं, पाणी कुठाय? पिंपात तांब्याभर. घरात सगळ्यांच्या चहालाच ते संपलं असेल. आंघोळीचं पाणी शेजारच्यांनी आपल्या घरातून आणून ठेवलेलं, त्याला हात लावायचा नाही. मी साडी हातात धरून न्हाणीपुढं उभा राहिलो. नळाकडं बघत. दहाला न्यायचं. त्याच्या आत नळ आला नाही, तर ती या निळ्या डागांत जाणार, नाहीतर त्या पुठ्ठ्यात. दोन्हींत तिनं मला माफ केलं नसतं.

किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. आक्का मागं बडबडत होती. लोक यायला लागले होते आणि म्हातारा साडी घेऊन नळापुढं उभा आहे हे बघून दारातच थांबत होते.

मग तोटी खोकली.

शेजारच्या अंगणातून ती कानडी बाई ओरडली. सवयीनं. "ब्लू मून बंतु!" आणि लगेच तिनंच तोंडावर हात मारून घेतला असणार, कारण आवाज मधेच तुटला. गल्लीत एकही कळशी वाजली नाही. कुणी पाणी भरायला निघालंच नाही. सगळं पाणी माझ्याच तोटीला आलं असं वाटलं.

मी बादली भरली. साडी बुडवली, खळबळली, पाणी निळं झालं, ओतून दिलं. परत भरली. पाणी दगडावरून वाहात दारापर्यंत गेलं, तिथं पायताणं होती ती लोकांनी उचलून बाजूला केली. परत खळबळली. दर खेपेला पाणी थोडं फिकट. मग मी साडी आभाळाकडं धरली. अजून मिसळत होती. परत. परत धरली. आता आभाळापुढं ती पांढरी दिसली, आणि कडेला अगदी थोडं निळं राहिलं होतं. तेवढं पाहिजेच. मी थांबलो.

पिळायला दुसरं टोक कुणाकडं द्यायचं? मी ते न्हाणीच्या खांबाला अडकवायला गेलो, तेवढ्यात आक्कानं हिसकावून घेतलं. "आन इकडं," म्हणाली. रडत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम. "जन्मभर असाच. बाईचं ऐकायचं न्हाय म्हंजे न्हाय."

आम्ही पिळायला लागलो. साडी नुसती गरगर फिरत राहिली, पाणी निघेना. आक्का माझ्याच बाजूला फिरवत होती.

"तुज्या उजवीकडं, आक्का."

"कळतंय मला."

"कळतंय तर फिरव की."

तिनं फिरवली. साडी घट्ट झाली. पाणी टपटपलं. तिचा हिसका हिच्यासारखा नव्हता, पण पाणी निघालं.

दोरीवर टाकली. वैशाखातलं ऊन, सकाळीच कडक. आत आंघोळ घातली जात होती तोवर मी दोरीपाशी उभा होतो, कडेला हात लावून बघत. विहारातल्या दोन बायका आल्या, त्यांनी पदर हातात घेऊन बघितला, जसा दरवर्षी बघायच्या तसा, आणि आत निघून गेल्या. वाळली तेव्हा मी ती काढली, घडी घातली, लेकीच्या हातात दिली. लेकीनं ती तोंडाला लावून वास घेतला. आत नेली.

आक्का दारातून म्हणाली, "आन् तुजा सदरा? त्याचा बी निळा रंग काढ की. पाणी हाय अजून."

"ऱ्हाऊ दे."

"आसाच घालणार?"

मी सदरा दोरीवरून काढला. बाह्यांवर ते गडद डाग तसेच होते. अंगात घातला, गुंड्या लावल्या, आणि तोटी बंद करायला नळाकडं गेलो.